पडदा आडवा, पडदा उभा

बसच्या डेपोत त्याला सगळे पावशा म्हणत. खरं नाव हजेरीच्या मशिनलाच काय ते ठाऊक. कोरड्या दिवसांत त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे, आणि आभाळ भरून आलं की ड्रायव्हर लोक ‘पावशा कुठाय, पावशा कुठाय’ करत वर्कशॉपभर हिंडत. गाड्यांचे वायपर हे त्याचं खातं. काचेवरचं पाणी पुसणारी दोन पाती, त्यांच्या मागच्या दांड्या, आणि त्या दांड्या हलवणारी, मुठीपेक्षा थोडी मोठी मोटर. बाकीचे मिस्त्री इंजिनं उघडत, गिअरबॉक्स उतरवत, अंगावरचं तेल मिरवत. पावशा डॅशबोर्डाखाली पाठीवर पडून, दातांत स्क्रू धरून, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी बोटं घालून काम करी. उभा जन्म त्याने असा आडवा पडून काढला होता.

त्या कामाचा त्याला गर्व होता. बोलून दाखवायचा नाही, पण होता. धो धो कोसळत असताना घाटातून गाडी सुखरूप खाली आली की श्रेय ड्रायव्हरला मिळतं, ब्रेकला मिळतं. पावशा खिडकीशी चहा पीत मनात म्हणायचा, ह्याला समोरचं दिसलं कुणामुळे?

गेलं वर्षभर मात्र हा माणूस दमलेला होता. काम करून अंग दुखतं, ते दमणं वेगळं. ते झोपलं की जातं. ह्याचं दमणं सकाळी त्याच्या आधी उठून खाटेच्या कडेला बसलेलं असे.

बायको झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. तिथेच मशिनमध्ये कागद भरता भरता तिला झटका आला, डाव्या अंगाला. दवाखान्यातून घरी आली तेव्हा वाकडं झालेलं तोंड सरळ झालं होतं, जीभ ताळ्यावर आली होती, पाय ओढत का होईना पण चालत होता. हात तेवढा मागे राहिला. तो होता, पण तिचा नव्हता. मांडीवर एखादं परकं मूल घेऊन बसावं तशी ती तो हात घेऊन बसायची. बोटं आत वळलेली, अंगठा त्यांच्याखाली दडलेला.

तेव्हापासून घर पावशाच्या डोक्यावर आलं. त्याने सकाळची पाळी मागून घेतली, म्हणजे दुपारी घरी येता यावं. उठल्यावर चहा, भात-भाजी, तिची अंघोळ, तिची बटणं, तिची वेणी. वेणी घालायला तो पन्नाशी उलटल्यावर शिकला.

“दोरखंड वळताय का?” ती आरशात बघून विचारायची.

“गाडीच्या वायरी अशाच बांधतो मी. दहा वर्षं सुटत नाहीत.”

“दिसतंय. संध्याकाळी सोडवताना केस हातात येतात.”

पण तिचं खरं दुखणं वेणी नव्हती, बटणं नव्हती. तिचं दुखणं होतं मागणं. डब्याचं झाकण काढून द्या. भाजी चिरताना कांदा धरा. चादरीचं ते टोक ओढा. जन्मभर जिने दुसऱ्याला हातात आणून दिलं, तिला आता पाण्याच्या बाटलीचं बूच काढायलाही हाक मारावी लागायची. एकदा ती जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, “सकाळपासून मी किती वेळा ‘जरा’ म्हटलं असेल हो? जरा हे धरा, जरा ते उघडा. माझं मलाच ऐकवत नाही आता.”

पावशा म्हणाला, “मी काही म्हणतो का?”

“तुम्ही म्हणत नाही, तेच तर.”

त्याने तिच्या ताटात भात वाढला. तो तिने मागितला नव्हता.

व्यायाम शिकवणारी बाई पंधरवड्याला घरी यायची. चांगली होती, कामापुरतं बोलायची. तिने एक मऊ रबरी चेंडू दिला होता. “दाबा, सोडा. दाबा, सोडा. रोज तासभर तरी या हाताला काम हवं. दाबणं आपोआप येईल. सोडणं अवघड, ते शिकवावं लागेल. आता कंटाळलात तर हात आखडून बसेल, मग मलाही काही करता यायचं नाही.”

बाई जिना उतरेपर्यंत चेंडू दाबला गेला. नंतर तो खाटेखाली गेला.

“तासभर चेंडू दाबत बसू? मला काय वेड लागलंय?” ती म्हणाली. “एकदा दाबला, दोनदा दाबला, पुढे काय होतं? काहीच होत नाही. चेंडू जिंकत नाही की हरत नाही.”

हे वाक्य तिच्या भावाने ऐकलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

भावाला सगळे मॅनेजर म्हणत. तरुणपणी तो बसस्टँडमागच्या गेम पार्लरचा मॅनेजर होता. पार्लर बंद पडून जमाना झाला, आता तो मोटारींच्या वाहनतळावर पावत्या फाडायचा, पण मॅनेजर हे नाव काही त्याला सोडून गेलं नाही. त्या पार्लरमध्ये संध्याकाळी टोकनं द्यायला त्याची ताई बसायची. गर्दी ओसरली की काउंटरवरून उठून ती विमानांच्या मशिनपुढे जायची. त्या मशिनचा पडदा उभा, दारासारखा उंच. वरून शत्रूची विमानं थव्याने उतरणार, खाली आपलं एकटं विमान. उजव्या हाताने गोळ्या झाडायच्या, डाव्या हातात दांडा. तिचा दांडा म्हणे हलताना दिसायचाच नाही. नुसता टकटक आवाज यायचा, आणि वरचं आभाळ रिकामं व्हायचं. डेपोत नवा लागलेला एक किडकिडीत पोरगा तिच्याशी पैज लावून रोज हरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोकन मागायला उभा राहायचा. ते हरणं पुढे लग्नापर्यंत गेलं.

तर त्या रविवारी मॅनेजर खाटेवर बसून चहा पीत होता. पायाला चेंडू लागला म्हणून त्याने तो उचलला, उलटासुलटा करून बघितला.

“दाजी, गेमच्या मशिनचा दांडा कुठल्या हातात असतो?”

“डाव्या,” पावशा म्हणाला. आणि म्हटल्यावर दोघांनीही आतल्या दाराकडे बघितलं.

“ताईचा हा हात जे काय शिकलाय ना, ते त्या दांड्यावर शिकलाय,” मॅनेजर हळू आवाजात म्हणाला.

“माझ्या हाताची बैठक भरलीय का?” आतून आवाज आला. “मग मलाही बोलवा. हात माझ्याकडे आहे.”

ती बाहेर आली, दाराला टेकून उभी राहिली. दोघांनी मिळून घरीच मशिन बनवायचं म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण कबूल करेल तर ती कसली. म्हणाली, “विमानं एकटीने पाडून पाव तासात कंटाळा येईल. हा समोर असला की मारामारीचा गेम खेळता येतो. ह्याला हरवल्याशिवाय मला उठवत नाही.”

“तास सहज जाईल,” मॅनेजर म्हणाला.

“पण मारामारीला पडदा आडवा लागतो, विमानांना उभा. पार्लरमध्ये दोन मशिनं होती. इथे?”

“एकच पडदा. उचलायचा आणि फिरवायचा.”

“कोणी?”

मॅनेजरने चहाचा कप खाली ठेवला.

“पडदा फिरवायला दोन हात लागतात,” ती म्हणाली. “म्हणजे परत, अहो, जरा पडदा फिरवून द्या. हे डेपोत असले की मी आडव्या पडद्यापुढे उभी राहून ह्यांची वाट बघणार. नको. खेळायचं पण मागून असेल तर मी भिंतीकडे बघत बसते. भिंत कुणाला फिरवावी लागत नाही.”

पावशाने इतका वेळ मान खाली घातली होती. आता वर करून म्हणाला, “बटणावर फिरला तर?”

“आपोआप?”

“आपोआप. तू बटण दाबायचं. उजव्या हाताने, एका बोटाने.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. पैज लावणाऱ्या पोराकडे काउंटरमागून बघावं, तसं काहीतरी त्या बघण्यात होतं. “बघू,” म्हणाली आणि आत गेली.

घरात एक लाकडी कपाट होतं, आरसा फुटलेलं. त्यातले कपडे ट्रंकेत गेले आणि कपाट बाहेरच्या खोलीत आलं. मॅनेजरने दार कापून खिडकी केली, कमरेच्या उंचीवर फळी ठोकली. पार्लर बंद झालं तेव्हा त्याने एक दांडा आणि मूठभर बटणं कापडात गुंडाळून ठेवली होती. का ठेवली ते त्यालाही सांगता आलं नसतं. दांड्याच्या टोकाला सायकलच्या मुठीचं जाड रबर चढवलं, म्हणजे आखडलेल्या बोटांना धरता यावं. तळहाताएवढ्या छोट्या कॉम्प्युटरात सगळे जुने गेम बसले. मोबाईल आडवा केला की चित्र आपोआप आडवं होतं ना, तसलाच एक तुकडा मॅनेजरने पडद्यामागे चिकटवला. पडदा कुठल्याही अंगावर गेला तरी चित्र पायांवर उभं राहायचं.

पडदा डेपोच्या चौकशीच्या खिडकीतला, भंगारात निघालेला. आणि मोटर अर्थातच वायपरची. फोरमनला विचारून पावशाने मोडीत काढलेल्या गाडीची एक मोटर मागून घेतली, दांड्या आणि त्यांना हलवणारा क्रँक काढून भंगाराच्या ढिगावर टाकले, मोटर तेवढी रुमालात बांधून घरी आणली. बसची मोटर चोवीस व्होल्टची. तिला बारा दिले की ती जेवण झालेल्या माणसासारखी सावकाश चालते. शिवाय वायपरच्या मोटरीला एक समज असते. ड्रायव्हरने मध्येच बटण बंद केलं तरी पातं काचेच्या मधोमध थांबत नाही, खाली आपल्या जागेवर जाऊनच थांबतं. मोटरीच्या पोटात एक चकती असते, चकतीला एक खाच. खाच आली की वीज तुटते. पावशाने कानशीने तिला आणखी तीन खाचा पाडल्या. म्हणजे एकदा बटण दाबलं की पाव फेरा, आणि थांब. आडवा, उभा, आडवा, उभा.

पडदा अडकवायला जाड चकती हवी होती. ती त्याने डेपोतल्या लेथवाल्याकडून करून घेतली.

“हे कशाला?” लेथवाल्याने विचारलं.

“पडदा फिरवायला. बायकोला आडवा पण लागतो आणि उभा पण.”

हे वाक्य वर्कशॉपला आठवडाभर पुरलं. पावशा दिसला की कोणीतरी विचारायचं, काय, आज कसं, आडवं की उभं? तो हसायचा. हसायलाही अंगात बळ लागतं, पण इतक्या महिन्यांनी कोणी त्याच्या घरच्या गोष्टीवर हसत होतं, हळहळत नव्हतं, हे त्याला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी मशिन उभं राहिलं. पावशाने तारा जोडल्या आणि बाजूला झाला. तिने फळीवरचं लाल बटण दाबलं. घुंऽ असा आवाज झाला. पडदा पाण्यावरचं पान वळावं तसा वळला, सरळ उभा झाला आणि थांबला. चित्र त्याच्या पाठोपाठ वळलं. तिने परत दाबलं. आडवा. परत दाबलं. उभा. तिने कोणाकडे बघितलं नाही. नुसतं बटण दाबत होती.

“झालं का?” मॅनेजर म्हणाला. “की आज पडदाच बघायचाय?”

तिने उजव्या हाताने डावा हात उचलला, दांड्यावर ठेवला, बोटं एकेक करून रबराभोवती लावली. पहिल्याच मिनिटाला हात घसरला. तिने परत ठेवला. परत घसरला. तिचा पडद्यावरचा पहिलवान एका जागी उभा राहून मार खात होता.

“मी मुद्दाम हरणार नाही हं, ताई.”

“हरून तर बघ. घराबाहेर काढीन.”

त्या दिवसापासून पावशा दुपारी जिना चढताना कान द्यायचा. कधी गोळ्यांचा आवाज, कधी मोटरीचा. दारात बूट काढताना त्याला कळायचं, ती एकटीच खेळतेय, एकटीच पडदा फिरवतेय. कधी मॅनेजर दुपारच्या सुट्टीत डोकावून गेलेला असायचा. व्यायामवाली बाई आली तेव्हा तिने बोटं उघडून बघितली. ती थोडी जास्त उघडली.

“चेंडू दाबता वाटतं?”

“छे,” बायको म्हणाली.

“मग काय करता?”

“काही नाही.”

“जे काही नाही करता, ते सोडू नका,” बाई म्हणाली.

आणि मग एका दुपारी जिन्यात काहीच ऐकू आलं नाही.

दिवस वाईट गेला होता. पहाटेपासून पाऊस, गाड्यांची रांग, प्रत्येक ड्रायव्हरला आधी स्वतःची गाडी हवी. पावशाच्या मानेत उसण भरली होती. दार उघडलं तर खोलीत जळकट वास. कपाटाची खिडकी काळी. पडदा तिरपाच थांबलेला, ना आडवा ना उभा. बायको खिडकीशी, पाठमोरी.

“काय झालं?”

“बंद पडलं.”

“कसं काय?”

“पडलं.”

त्याने बटण दाबून पाहिलं. काहीच नाही. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “किती वेळा दाबलंस?”

विचारायचा उद्देश तसा नव्हता. ड्रायव्हरलाही तो हेच विचारायचा, किती वेळ चालू होता? पण शब्द बाहेर पडले आणि ते तिला कसे लागले हे त्याला तिच्या पाठीवरून कळलं.

“काढून टाका ते,” ती म्हणाली. “कपडे ठेवा परत. ट्रंकेत कुबट वास लागलाय त्यांना.”

नंतर ती बोललीच नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडणाला एक शेवट असतो.

त्याच दुपारी त्याने कपाटाची मागची फळी उघडली. पडद्यापासून निघालेल्या वायरी एकमेकींभोवती पीळ घेत घेत दोरीसारख्या कडक झाल्या होत्या. एक तर जोडावरून उपटली होती. तो फरशीवर बसला. बघताक्षणी त्याला सगळं समजलं, आणि समजल्यावर उठवेना.

मोटर एकाच दिशेने फिरत होती. पाव फेरा, पाव फेरा, पाव फेरा, सतत पुढेच. चार वेळा बटण दाबलं की वायरींना एक पीळ. पहिल्या रविवारी दोन-चार वेळा फिरवून बघितलं तेव्हा तो पीळ दिसलाही नाही. मग रोज थोडा थोडा चढत गेला. दुसऱ्या कुठल्याही मिस्त्रीने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, हा पडदा माघारी कसा येणार? पावशाला तो प्रश्न पडलाच नव्हता. ज्या मोटरींमध्ये त्याचा जन्म गेला, त्या कधी माघारी येतच नाहीत. त्या आपल्या एकाच अंगाने फिरतात. जाणं-येणं हे दांड्यांचं काम. क्रँक गोल फिरतो, दांडी त्याला धरून पुढे-मागे होते, पातं जातं आणि येतं. माघारी आणणारी वस्तू दांडी होती, आणि दांड्या त्याने निरुपयोगी म्हणून स्वतःच्या हाताने भंगारात टाकल्या होत्या.

संध्याकाळी मॅनेजर आला, वायरींचा गोफ बघून म्हणाला, “मग मोटर उलटी फिरवा की. तारा अदलाबदल करा.”

“ही उलटी चालत नाही. चालवली तर खाचेवर थांबत नाही.”

“मग सोडा दाजी. ताई नको म्हणतेय ना? तुमचा चेहरा बघितलाय का आरशात?”

पावशाने बघितला नव्हता. पण सोडा हा शब्द त्याला गार पाण्यासारखा वाटला. मशिन काढलं की दुपार मोकळी. कोणी काही म्हणणार नाही. त्याने केलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं; नाही जमलं, नाही जमलं. त्याने वायरी सोडल्या, फळी तशीच टेकवून ठेवली आणि बरेच दिवस कपाटाकडे पाठ करून जेवला.

व्यायामवाली बाई तिच्या दिवशी आली. तिने हात हातात घेतला, बोटं उघडायला गेली आणि थांबली.

“मागच्या खेपेला ह्याहून मोकळी होती. बंद केलंत का काही?”

बायको खिडकीकडे बघत होती. पावशा दारात उभा होता. बाईने दोघांकडे बघितलं आणि अंगठा तेवढा हळूच बाहेर काढून चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर पावशा भंगाराच्या ढिगावर चढला. दांड्या मिळाल्या, क्रँकही मिळाला. त्याच की दुसऱ्या गाडीच्या, कोण जाणे. वाकल्या नव्हत्या, एवढं पुरे. घरी येऊन त्याने मोटरीतल्या चकतीच्या चार खाचांपैकी दोन पितळी तुकड्याने डाख देऊन बुजवल्या, समोरासमोरच्या दोन ठेवल्या. क्रँकने अर्धा फेरा घ्यायचा, दांडीने पडद्याला उभं करायचं, आणि थांबायचं. उरलेला अर्धा फेरा घेतला की त्याच वाटेने पडदा आडवा. वायरी जेवढ्या वळतील तेवढ्याच उलगडतील.

हिशेब सोपा होता. बसवणं सोपं नव्हतं. दांडीची खीळ घालायला त्याला कपाटामागे पाठीवर पडावं लागलं. एका हाताने दांडी, एका हाताने खीळ, आणि तेवढ्यात पुढून पडदा आपल्या वजनाने खाली झुकायचा आणि भोक सरकायचं. एकदा सरकलं, दोनदा सरकलं. मान तर आधीच गेली होती. तिसऱ्यांदा सरकलं तेव्हा त्याने खीळ छातीवर ठेवली आणि छताकडे बघत म्हणाला, “अगं, जरा...”

आणि तो थांबला.

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज बंद झाला. “काय म्हणालात?”

“जरा पडदा धरतेस का? मला हात पुरत नाहीत.”

तिचा ओढता पाय फरशीवरून येताना ऐकू आला. “परत म्हणा.”

“हात पुरत नाहीत.”

“ते नाही. त्याच्या आधीचं.”

“जरा,” पावशा म्हणाला. “जरा धर.”

ती कपाटापुढे उभी राहिली. उजव्या हाताने तिने पडद्याची वरची कड धरली, पण खालची कड हलत होती. पावशाला ते मागून दिसत होतं; तो खीळ धरून थांबला. थोड्या वेळाने तिने वरची कड सोडली, डावा हात उचलून खालच्या कडेला लावला, बोटं तिच्याभोवती वळवली आणि उजवा हात पुन्हा वर नेला. पडदा स्थिर झाला.

“सोडू नकोस.”

“या हाताने सोडताच येत नाही मला. तुम्ही तुमचं बघा.”

कपाटामागच्या अंधारात, तिचं तोंड दिसत नसताना, त्याला बोलणं सोपं गेलं. “त्या दिवशी मी विचारलं ना, किती वेळा दाबलंस. शंभर वेळा दाबलंस तरी चालायला हवं होतं. वायरी मोटरीने पिळल्या. मोटर मी बसवली होती, एकाच अंगाने फिरणारी. तुझा काही संबंधच नव्हता.”

पुढे पडदा जरासा हलला, पुन्हा स्थिर झाला.

“मला वाटलं, मी ओढल्या,” ती म्हणाली. “वायरी. ह्या हाताने. हा काय धरतो, कधी धरतो, मला कुठे कळतं? मागे एकदा टॉवेल ओढत न्हाणीघरापर्यंत गेले, मला पत्ताच नाही. म्हटलं, मशिन पण ह्यानेच तोडलं.”

पावशाचे हात थांबले. इतके दिवस ती मशिनवर रुसली आहे, आपल्यावर रुसली आहे, असं तो धरून चालला होता.

“हाताने नाही,” तो म्हणाला. “हात अजून एवढा जोरदार झाला असता, तर मी पेढे वाटले असते.”

“खीळ घाला. खांदा भरून आला माझा.”

खीळ बसली. तो खुरडत बाहेर आला, तारा जोडल्या. तिने डाव्या हाताची बोटं कडेवरून एकेक करून सोडवली; शेवटचं बोट मात्र उजव्या हाताने शिवायच्या आत आपणच निसटलं. दोघांनी ते पाहिलं. तिने लाल बटण दाबलं. पडदा उभा झाला, थांबला. परत दाबलं. ज्या वाटेने गेला त्याच वाटेने तो आडवा आला. तिने वाकून मागच्या वायरी बघितल्या, त्या ढिल्या लोंबत होत्या.

हात काही त्यानंतर उड्या मारत बरा झाला नाही. अजूनही बूच तिला निघत नाही, बटणं पावशाच लावतो, वेणी अजून दोरखंडच आहे. मॅनेजर तिला अजून हरवतो आणि बहाणे करून लवकर पळतो, कारण ती उठू देत नाही. बाईच्या मते बोटं उघडताहेत, हळूहळू; किती उघडतील ते ती सांगत नाही, आणि त्यांनीही विचारायचं सोडलंय.

एका दुपारी पावशा घरी आला, भांडं गॅसवर ठेवलं आणि सवयीने कान देऊन उभा राहिला. बाहेर मोटर फिरली, थांबली. गोळ्यांचा आवाज सुरू झाला, तुटला, पुन्हा सुरू झाला. हात घसरत असणार, ती परत ठेवत असणार. तो हाकेची वाट बघत होता. एक पाय उंबऱ्याकडे केलेला, खांद्यावर फडकं. भाजी शिजली. त्याने गॅस बंद केला. हाक आली नाही.

तो दारापर्यंत गेला. ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती, पडद्याच्या उजेडात. डावा हात दांड्यावर होता. तो गळून खाली आला, तिने त्याला उचलून जागेवर बसवलं, परत गळला, परत बसवलं. पावशाचं पाऊल पुढे पडलं होतं ते त्याने मागे घेतलं.

मग त्याला काय करावं ते सुचेना. इतक्या दिवसांत अशी रिकामी वेळ त्याच्या वाट्याला आलीच नव्हती. आतल्या खाटेवर टेकला. खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी घातली, मोडली, परत घातली. पाठ टेकवली, मान उशीवर ठेवली. उसण होती, पण उशीला लागल्यावर ती जरा दमाने दुखू लागली. बाहेर पडदा आडवा झाला असावा. मॅनेजर नव्हता, म्हणजे ती एकटीच मारामारी खेळत होती, मशिनशी. वाढायला उठायला हवं होतं. त्याने उठायचं ठरवलं. मोटर पुन्हा फिरली, थांबली, आणि तो उठला नाही.